अटक आणि पोलीस चौकशी : बेळगाव सीमाभागातील मराठी माणसाने पहिल्या चोवीस तासांत काय करावे

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावातून रात्री उशिरा मला फोन आला. बांधावरून झालेल्या मारामारीच्या तक्रारीत एका तरुणाला पोलिसांनी नेले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे कागद पाहिले तेव्हा अटकेची वेळ सकाळी आठची लिहिलेली होती आणि खाली त्याची मराठीतली, लपेटदार, शाळेत घोटलेली सही होती. कागद पूर्ण कन्नडमध्ये होता आणि या मुलाला कन्नड बोलता येत असले तरी वाचता येत नव्हते. त्याला प्रत्यक्षात आदल्या संध्याकाळीच नेले होते, पण ते सांगायला पुरावा काय, असा प्रश्न आला. पुरावा त्याच्या आईकडे होता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, तिने पेन्सिलीने लिहिले होते : "७ वाजता नेले". बारा-तेरा तासांचा हा फरक आम्ही न्यायालयाच्या नजरेस आणला आणि तो नोंदवला गेला.

त्या मुलाने सही का केली, असे विचारल्यावर तो म्हणाला की वडिलांनीच सांगितले होते, सही करून मोकळा हो. आपल्या भागात हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि त्याने जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. म्हणून या लेखात नोटीस येण्यापासून जामिनापर्यंतचा क्रम सांगताना मी भाषा, वेळ आणि सही या तीन गोष्टींकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी कायद्याचे नाव. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आहे. भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ४१-अ, १५१, १६४ हेच आकडे असतात, त्यामुळे पुढे गरज पडेल तिथे दोन्ही आकडे दिले आहेत. नुसते "कलम" किंवा "संहिता" म्हटले आहे तिथे नागरिक सुरक्षा संहिता समजावी. या हक्कांचा पाया मात्र राज्यघटनेत आहे. कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही, हे अनुच्छेद २०(३) सांगतो. अटकेची कारणे कळणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला मिळणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाणे हे हक्क अनुच्छेद २२ मध्ये आहेत. राज्याची सीमा ओलांडली म्हणून यांतला एकही हक्क बदलत नाही.

नोटीस किंवा फोन आला तर

"उद्या स्टेशनला येऊन जा" असा नुसता फोन आला, तर नम्रपणे लेखी नोटीस मागावी. नोटीस हातात आल्यावर ती कोणत्या कलमाखाली आहे हे आधी पाहावे, कारण त्यावरून पोलीस आपल्याकडे साक्षीदार म्हणून पाहत आहेत की संशयित म्हणून, हे कळते. कलम १७९ (जुने १६०) असेल तर ती साक्षीदाराची नोटीस आहे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना या कलमाखाली ठाण्यावर येण्याची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी जाऊन विचारपूस करायची असते. कलम ३५(३) (जुने ४१-अ) असेल तर आपल्यावर संशय आहे, पण अटकेची गरज पोलिसांना वाटलेली नाही, असा त्याचा अर्थ होतो. ही नोटीस गंभीरपणे घ्यावी. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला, कारणे लेखी नोंदवल्याखेरीज, अटक करता येत नाही, पण हजर न राहणे हे स्वतःच अटकेचे कारण ठरू शकते.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, आधी अटकेची गरज तपासावी आणि ती कागदावर मांडावी, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेश कुमार खटल्यात २०१४ मध्ये बजावले आहे. ३५(३) ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भागत नाही, हे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली तर ती पुसू नये. तिचा फोटो जपून ठेवावा, वकिलाला दाखवावा आणि त्यांच्यामार्फत लेखी उत्तर द्यावे. ठाण्यावर गेल्यानंतर नोटिशीच्या आपल्याकडील प्रतीवर हजेरीची तारीख आणि वेळ मागून घ्यावी. ती देत नसतील तर बाहेर येताच वकिलाला किंवा घरच्यांना संदेश पाठवावा, म्हणजे वेळेची नोंद फोनमध्ये आपोआप राहते.

पोलीस दारात आले तर

अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसेल अशी ओळखपट्टी त्याच्या अंगावर असली पाहिजे. जागेवरच अटकेचा पंचनामा तयार झाला पाहिजे आणि त्यावर घरातल्या किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही हवी. हे कलम ३६ मध्ये लिहिलेले आहे. त्याच्या मागे डी. के. बसू खटल्यातील १९९६ चा निकाल आहे, ज्याने कोठडीतील छळ रोखण्यासाठी अकरा सूचना दिल्या. साध्या कपड्यांतली माणसे आली, तर ती कोणत्या ठाण्याची आहेत आणि आपल्याला कुठे नेत आहेत, हे शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे. अंगाला हात लावून विरोध मात्र करू नये. त्यातून सरकारी कामात अडथळा आणल्याचा दुसरा गुन्हा उभा राहतो आणि मूळ तक्रार किरकोळ असली तरी जामीन अवघड होतो.

स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी घेऊनच ती करावी लागते. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर डीवायएसपीपेक्षा (पोलीस उपअधीक्षकापेक्षा) कमी नसलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. अठरा वर्षांखालील मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. त्यासाठी शाळेचा दाखला घरात हाताशी असावा.

आपल्या भागात आणखी एक प्रसंग वारंवार येतो. चंदगड किंवा गडहिंग्लजकडच्या गुन्ह्यात महाराष्ट्र पोलीस बेळगाव किंवा निपाणीत येतात, किंवा इथले पोलीस पलीकडे जातात. अशा वेळी स्थानिक ठाण्यात नोंद झाली आहे का, हे घरच्यांनी त्याच रात्री जाऊन विचारावे. कलम ५८ नुसार प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेलेच पाहिजे, आणि त्या दंडाधिकाऱ्यांना त्या गुन्ह्याचा अधिकार असो वा नसो, तरीही तिथे हजर करता येते, असे नव्या संहितेत स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे "आमचे कोर्ट लांब आहे" हे माणसाला दोन दिवस गाडीत फिरवण्याचे कारण होऊ शकत नाही.

घरी राहिलेल्यांनी तीन गोष्टी कागदावर उतरवाव्यात : नेल्याची वेळ, गाडीचा क्रमांक आणि अधिकाऱ्याचे नाव. वही नसेल तर कॅलेंडर चालते, आधी सांगितलेच आहे.

अटकेची कारणे : लेखी आणि आपल्या भाषेत

सीमाभागातल्या मराठी माणसाच्या हातात आज असलेला सर्वांत बळकट हक्क हाच आहे आणि तोच सर्वांत कमी लोकांना माहीत आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, हे संहितेच्या कलम ४७ मध्ये आहेच. पण कोणत्या भाषेत? हरिकिशन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ च्या निकालात, स्थानबद्धतेच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की इंग्रजी न समजणाऱ्या माणसाला इंग्रजी कागद देऊन तो तोंडी समजावून सांगणे पुरेसे नाही, त्याला समजणाऱ्या भाषेत आणि लिपीत कारणे मिळाली पाहिजेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये विहान कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात न्यायालयाने कोणत्याही अटकेत कारणे परिणामकारकपणे, समजणाऱ्या भाषेत कळवणे हा अनुच्छेद २२(१) चा भाग मानला आणि ते झाले नाही तर अटक बेकायदा ठरते, असे सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने ते आणखी नेमके केले : गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, अगदी तातडीत ते शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायचे, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडीचा आदेश मागण्यासाठी, दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी प्रत त्याच्या हातात पडलीच पाहिजे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. तुम्हाला कन्नड वाचता येत नसेल तर ठाण्यात शांतपणे आणि स्पष्टपणे सांगा : "मला कन्नड वाचता येत नाही, कारणे मराठीत लिहून द्या." ही मागणी शक्यतो दुसऱ्या कोणाच्या देखत करा. मराठी लिहिणारा पोलीस आपल्या भागातल्या ठाण्यात मिळत नाही असे सहसा होत नाही. तरीही नुसता कन्नड कागद पुढे आला आणि "इल्ली सही माडी" म्हणून बोट ठेवले गेले, तर कागद मिळाला यापुरतीच सही करावी आणि सहीच्या वर मराठीत लिहावे : "मजकूर कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही, मराठी प्रत मिळालेली नाही", आणि शेजारी तारीख व घड्याळातली वेळ घालावी. कोऱ्या कागदावर किंवा अर्धवट भरलेल्या छापील फॉर्मवर सही करू नये. जोर झालाच तर नंतर दंडाधिकाऱ्यांना सांगण्यासाठी किती कागदांवर सह्या घेतल्या, ते मोजून लक्षात ठेवावे.

एक इशारा मनापासून देतो. ज्यांना कन्नड उत्तम वाचता येते, कन्नड माध्यमात ज्यांचे शिक्षण झाले आहे, त्यांनी "येत नाही" असे खोटे सांगू नये. न्यायाधीश समोर विचारतात, शाळेचा दाखला निघतो, आणि मग खरी तक्रारही खोटी वाटू लागते. बोलता येते पण वाचता येत नाही, ही आपल्याकडची सर्वसाधारण स्थिती असते, आणि ती आहे तशी सांगितली तर तिला पूर्ण किंमत मिळते.

कन्नड कागदातही तारखा, वेळा आणि कलमे बहुधा ओळखीच्या आकड्यांत असतात, त्यामुळे निदान ते आकडे वाचावेत. शिवाय चौकशीच्या खोलीत कानावर पडणारे काही शब्द ओळखीचे असावेत. "बंधन" म्हणजे अटक. "दूरु" म्हणजे तक्रार. "हेळिके" म्हणजे जबाब. "महजरु" म्हणजे पंचनामा. "तप्पोप्पिगे" म्हणजे कबुलीजबाब, आणि हा शब्द ऐकू आला की वकील येईपर्यंत पुढचे बोलणे थांबवावे.

चौकशीच्या खोलीत

नाव, पत्ता आणि वय खरे सांगावे. ते लपवून काही साधत नाही आणि संशय वाढतो. त्यापुढचे जे प्रश्न आपल्याला गुन्ह्यात गुंतवू शकतात त्यांची उत्तरे न देण्याचा हक्क कलम १८० मध्येच दिलेला आहे. नंदिनी सत्पथी खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क पोलीस चौकशीच्या पायरीपासूनच मिळतो असे ठरवले. गप्प राहताना उद्धटपणा नको. "वकिलांना भेटल्यावर सांगतो" एवढे वाक्य पुरते आणि ते दर वेळी तेच असावे. अर्धे खरे, अर्धे बचावासाठी रचलेले असे उत्तर देणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान होताना मी पाहिले आहे.

चौकशीदरम्यान पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देते, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसतील असे ते कलम म्हणत नाही. त्यामुळे भेट मिळाली की पहिली दहा मिनिटे रडण्यात किंवा घरच्या चौकशीत घालवू नयेत. कधी नेले, काय विचारले, कशावर सह्या घेतल्या, मारहाण झाली का, एवढे आधी सांगावे.

तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, असे कलम १८१ (जुने १६२) सांगते. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हे साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्या कलमाचा अपवाद मात्र ध्यानात ठेवावा : तुम्ही सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू, समजा विळा किंवा चोरीची मोटारसायकल, सापडली तर माहितीचा तेवढा भाग पुराव्यात येतो. "काढून दिले" या शब्दांनी सुरू होणारा जप्तीचा महजर म्हणूनच फार महत्त्वाचा असतो, आणि तुम्ही न दाखवलेली वस्तू तुमच्या नावावर लिहिली जात असेल तर तिथल्या तिथे नकार नोंदवण्याचा आग्रह धरावा. नार्को, पॉलिग्राफ अशा चाचण्या संमतीशिवाय करता येत नाहीत, हे तर कर्नाटकातूनच गेलेल्या सेल्वी खटल्यात २०१० साली ठरले आहे.

मारहाण हा गुन्हा आहे. कबुली मिळवण्यासाठी दुखापत करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, आणि बसू निकालाप्रमाणे कोठडीत दर ४८ तासांनी ती पुन्हा व्हावी. सरकारी दवाखान्यात डॉक्टर समोर बसले की पोलीस शेजारी उभे असले तरी वळ, सूज, कानात आवाज, लघवीला त्रास हे सगळे सांगावे, आणि डॉक्टरांनी काय लिहिले ते विचारावे. अहवालाची प्रत मिळण्याचा हक्क आरोपीला किंवा त्याने नेमलेल्या माणसाला आहे. ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश परमवीर सिंग सैनी खटल्यात २०२० मध्ये झाला आहे. हे चित्रीकरण पुसले जाण्याआधी जपून ठेवावे, असा अर्ज वकिलाने पहिल्याच हजेरीला द्यावा.

दंडाधिकाऱ्यांसमोर

चोवीस तासांच्या हिशेबात रविवार किंवा सण सुटत नाही. न्यायालय बंद असेल तर दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी नेले जाते. चोवीस तास कधीपासून मोजायचे, कागदावरच्या वेळेपासून की माणसाला प्रत्यक्ष अडवून ठेवल्यापासून, हा वाद तिथेच उभा राहतो आणि घरी लिहून ठेवलेली वेळ तिथे कामाला येते. पोलीस कोठडी द्यायची तर आरोपीला प्रत्यक्ष हजर करावेच लागते, व्हिडिओच्या पडद्यावरून भागत नाही.

"पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" हा प्रश्न तिथे विचारला जातो. भीतीपोटी "नाही" म्हटले की ते रोजनाम्यात लिहिले जाते आणि महिन्यांनंतर तेच वाक्य आपल्यासमोर ठेवले जाते. मारले असेल, मराठी प्रत मिळाली नसेल, कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या असतील, अटकेची वेळ चुकीची असेल, तर हीच ती जागा आहे. मराठीतच सांगावे. न्यायाधीशांना मराठी येत नसेल तर दुभाषा मागावा. वकील करण्याची ऐपत नसेल किंवा वेळ मिळाला नसेल तर "मला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील द्या" म्हणावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. घरच्यांना १५१०० या क्रमांकावर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची मदत मिळते.

चोवीस तास उलटूनही माणूस कुठे आहे ते कळत नसेल, तर जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात चौकशी करावी. अटक झालेल्यांची नावे तिथे असलीच पाहिजेत, असे कलम ३७ सांगते. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्ज मराठीत लिहून त्याला कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे, काम लवकर होते. तरीही उत्तर नसेल तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी, करावी. बेळगाव जिल्हा त्याच खंडपीठाखाली येतो.

प्रतिबंधक अटक

१ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव, सीमाभागातला काळा दिन) आसपास किंवा बेळगावातल्या विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या काळात कार्यकर्त्यांना कलम १७० (जुने १५१) खाली उचलले जाते. ही अटकही चोवीस तासांपलीकडे, दुसऱ्या कायद्याचा आधार असल्याखेरीज, चालू ठेवता येत नाही. कलम १२६ (जुने १०७) खाली शांतता राखण्याचा बाँड मागितला गेला तर आधी आरोपांचा तपशील असलेला लेखी आदेश मागावा आणि वकिलाला विचारूनच बाँडवर सही करावी, कारण तो मोडल्याचे ठरल्यास रक्कम जप्त होते.

जामीन आणि जामीनदार

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे आणि तो ठाण्यातच मिळू शकतो. गरीब माणसाला आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर त्याला निर्धन समजून वैयक्तिक बाँडवर सोडावे, असे संहिताच सांगते. अजामीनपात्र गुन्ह्यात अटकेची शक्यता आधीच दिसत असेल तर कलम ४८२ खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

आपल्याकडे खरी अडचण जामीनदाराची असते. नातेवाईक बरेचदा चंदगड, आजरा किंवा कोल्हापूरकडचे आणि त्यांचा सातबारा महाराष्ट्रातला, त्यामुळे "इथला उतारा आणा" असे उत्तर मिळते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी नेमकी हीच गोष्ट चुकीची ठरवली : जामीनदार परजिल्ह्यातला आहे एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही. दूरच्या प्रांतात पकडल्या गेलेल्या मल्याळी, कन्नड किंवा तमिळ माणसाने स्थानिक जामीनदार कुठून आणायचा, असा प्रश्न त्यांनी विचारला होता. हा निकाल वकिलाला आठवून द्यायला संकोच करू नये. त्याच वेळी एखाद्या स्थानिक शेजाऱ्याचा चालू वर्षाचा उतारा, आधार कार्ड आणि फोटो तयार ठेवणे अधिक जलद पडते, कारण वाद जिंकेपर्यंत माणूस हिंडलग्याच्या कारागृहात असतो.

तपास ठराविक मुदतीत, म्हणजे गुन्ह्याच्या शिक्षेप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत संपून आरोपपत्र आले नाही, तर जामिनाचा आपोआप हक्क तयार होतो. तो मागावा मात्र लागतो, आणि आरोपपत्र दाखल होण्याआधी मागावा लागतो, म्हणून पहिल्या रिमांडची तारीख घरात लिहून ठेवावी. झडतीच्या वेळी काढून घेतलेल्या पैशांची, अंगठीची आणि मोबाइलची पावती असेल तर तीही त्याच कागदांबरोबर ठेवावी. आरोपपत्राची विनामूल्य प्रत मिळते. ती कन्नडमध्ये आल्यावर तिचे मराठी भाषांतर स्वतःच्या खर्चाने का होईना करून घ्यावे आणि पहिल्या पानापासून वकिलासमोर बसून वाचावे, विशेषतः ज्या पानांवर आपल्या सह्या आहेत ती.